हलक्या हातानं

बाहेर त्रेचाळीस. आत सदतीस.
मे महिन्यात अख्ख्या सोलापुरात निवांत कोण असेल,
तर इन्क्युबेटरच्या काचेमागं
गुलाबी पाण्यात पाय पसरून बसलेल्या या पेशी.
मौलालीभाई टॉवेलनं मान पुसत विचारतात,
"मॅडम, ह्यांच्यात एखादी जागा रिकामी हाय का?"

मागचं औषध जहाल होतं.
डीएनए आत गेला, ते खरं,
पण दुसऱ्या दिवशी निम्म्या पेशी
बुड सोडून, गोल होऊन वर तरंगत होत्या.
बिराजदार मॅडमनी भिंगातून डोळा काढला.
म्हणाल्या, "निरोप पोचला गं.
ऐकायला घरात कुणी उरलं नाही."
मी वहीत लिहिलं: मेल्या.
मग ते खोडून: बावन्न टक्के.

नवी बाटली पुण्याहून आली, हुतात्मा एक्स्प्रेसनं,
थर्माकोलच्या डब्यात. बर्फाचं पाणी झालेलं,
बाटली मात्र गार.
करंगळीच्या पेराएवढी.
किंमत अम्माला सांगितली नाही.

अम्मा विडी घरकुलात, दारातल्या उजेडात बसते.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात पानं.
पान कातरते, चिमूट ठेवते, वळते,
टोक नखानं आत दुमडते,
दोरा दोनदा फिरवते, तोडते.
घट्ट झाली तर ओढली जात नाही,
सैल झाली तर पेटायच्या आधी सुटते.
कारखान्यातला माणूस दोन्ही छाटात टाकतो
आणि छाटाचे पैसे देत नाही.
सातवीच्या सुट्टीत मी वळायला बसले,
माझ्या सगळ्या छाटात.
"मेल्लगा," ती म्हणायची. "मेल्लगा, बिड्डा."
हळू.
घरातल्या तेलुगूतला एवढा एकच शब्द
मी प्रयोगशाळेत आणलाय.

एक मायक्रोग्रॅम डीएनए. तीन मायक्रोलिटर औषध.
नळीला बोटानं टिचकी, बास.
मग वीस मिनिटं काहीही करायचं नाही.
हेच सगळ्यात अवघड.
त्या वीस मिनिटांत
स्निग्ध रेणू लांबलचक धाग्याला कवळतात,
धागा आखडतो, मिटतो, पुडी होतो,
आणि पेशी ती पुडी आपलीच समजून गिळते.
पुस्तकात तसं लिहिलंय. मी काही पाहिलेलं नाही.
मी पाहिलंय ते भिंतीवरचं घड्याळ.

अठराव्या मिनिटाला लाईट गेली.
मौलालीभाई जनरेटरकडं पळाले,
त्यांच्या चपलेचा आवाज जिन्यात बराच वेळ.
मोबाईलची बॅटरी दातांत धरून
मी एकेक थेंब सोडला,
कडेनं, पेशींच्या अंगावर नाही.
तेवढ्यात उगाच अम्माचा खोकला आठवला,
पहाटे पाचचा, कोरडा, पत्र्यावर खडे टाकल्यासारखा.
चाळीस वर्षं तिच्याही आत काहीतरी जातंय, थोडं थोडं.
तिच्या पेशी कुणी मोजल्या नाहीत.
हात हलला असावा. एक थेंब बाहेर पडला.

दोन रात्री गेल्या.
अंधाऱ्या खोलीत निळा प्रकाश लावला,
आधी काहीच नाही, माझाच श्वास काचेवर.
मग एक हिरवी.
तिच्या शेजारी आणखी एक.
मग मोजायचं सुटलंच माझं.
बुडाला घट्ट चिकटलेल्या, जिवंत, हिरव्यागार,
आणि वर तरंगणाऱ्या अगदी थोड्या.

फोटो अम्माला दाखवला.
तिनं हात लुगड्याला पुसले तरी
काचेवर तपकिरी बोट उमटलंच.
ती बराच वेळ बघत राहिली,
जशी दुसऱ्या बाईच्या सुपात बघते तशी.
"छाट किती?"
"शंभरात आठ."
तिनं मनात हिशेब केला, ओठ हलले.
"म्हणजे हजारी ऐंशी.
आमच्या कारखान्यात नसतं चाललं."
आणि पुढचं पान उचललं.